सकाळची वाटी : ओट्स, आंबील आणि आपण
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की या वेळी 'आरोग्य' या विषयावर कुणी बाहेरची वक्ती आणायची नाही, आपल्यातल्याच एकीने बोलायचे. ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. डॉक्टरी भाषा मला येत नाही, पण गेली चोवीस वर्षे रोज सकाळी पाच माणसांची न्याहारी करते आहे. त्यामुळे न्याहारीविषयी बोलायला मी अगदीच अपात्र आहे असे नाही. माझी धाकटी मुलगी शास्त्र शाखेत शिकते. इंग्रजीतले जे वाचायचे ते तिने वाचून दिले, आणि जे शिजवायचे ते मी शिजवून पाहिले.

आज बोलायचे आहे ते ओट्सबद्दल. तुमच्यापैकी कितीजणींच्या घरी आता हे पाकीट आले आहे, ते मला ठाऊक आहे, कारण बहुतेकींनी मला येऊन विचारले आहे, "अहो, हे नेमके करायचे कसे? आणि खरेच काही गुण येतो का?" कुणाच्या घरी साखरेच्या आजारामुळे आले, कुणाकडे कोलेस्टेरॉलमुळे, कुणाच्या सुनेने वजन उतरवायला आणले. आमच्याकडे ते दोन वर्षांपूर्वी आले. ह्यांच्या तपासणीत साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही वाढलेले निघाले. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, रोज पाऊण तास चाला म्हणाले, आणि चिठ्ठीच्या खाली एका ओळीत 'सकाळी ओट्स' असे लिहून दिले. कसे, किती, कशाबरोबर, काही नाही. ते सगळे आपणच शोधायचे असते.

पाकीट फोडून मी ताटात ओतले तेव्हा आमच्या सासूबाई जवळ आल्या. त्यांचे वय आता शहात्तर. चिमूटभर हातात घेऊन चोळून पाहिले नि म्हणाल्या, "अगं, हे तर पोहे आहेत कसले तरी. कसले आहेत?" मुलीने सांगितले की हिंदीत याला जई म्हणतात आणि उत्तरेकडे जनावरांना घालतात. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे वैरण. आता डॉक्टर माणसांना वैरण सांगायला लागले."

सगळे हसले, पण पाहा, सासूबाईंच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आपल्याकडेसुद्धा रब्बीत दुभत्या जनावरांच्या हिरव्या चाऱ्यासाठी ओट पेरतात. आणि पाकिटातले ओट्स हे खरोखरच पोहे आहेत. ओटचा दाणा गव्हापेक्षा सडपातळ असतो, त्यावर भातासारखे टरफल असते. ते काढायचे, दाणा वाफवायचा आणि रुळांमध्ये दाबून चपटा करायचा, की झाले ओट्स. म्हणजे आपण भाताचे पोहे करतो तीच रीत. जाड पोहे, पातळ पोहे असतात ना, तसे यातही जाड आणि पातळ असतात. पातळ दोन मिनिटांत शिजतात, जाडांना पाच-सात मिनिटे लागतात. तिसरा एक प्रकार मिळतो, त्यात दाणा चपटा न करता पोलादी पात्यांनी तुकडे केलेले असतात. त्या ओटच्या कण्याच म्हणायच्या. त्या रात्री भिजत घालाव्या लागतात, तरी वीसेक मिनिटे घेतात.

हे एवढे खोलात सांगण्याचे कारण असे की ज्यांच्या घरी साखरेचा आजार आहे त्यांनी यातला फरक लक्षात ठेवला पाहिजे. दाणा जितका जाड आणि अख्खा, तितका तो पोटात सावकाश पचतो आणि रक्तातली साखर सावकाश चढते. जितका बारीक, जितका आधीच शिजवून वाळवलेला, तितकी ती लवकर चढते. गरम पाणी ओतले की लगेच तयार होणारे जे मिळतात, त्यात तुमची सोय आहे, पण गुण कमी आहे. आपल्याला काय, पाच मिनिटे जास्त उभे राहायची सवयच आहे!

आता याने पोट का भरते ते सांगते. ओट्स शिजवून गार केले की भांड्याला एक चिकट, बुळबुळीत थर धरतो. भांडी घासणारीला त्याचा राग येतो. पण औषध काय ते त्या चिकटपणातच आहे. त्याला बीटा-ग्लुकन म्हणतात. हा एक प्रकारचा चोथाच आहे, पण कोंड्यासारखा कोरडा नव्हे. पाण्यात विरघळून दाट होणारा. तो पोटात गेला की अन्न दाट होते, पोट हळूहळू रिकामे होते, म्हणून अकरापर्यंत भूक लागत नाही. साखरही एकदम उसळत नाही. आणि कोलेस्टेरॉलचे असे आहे की आपले यकृत त्यापासून पित्त तयार करते. हा चिकट चोथा आतड्यातले थोडे पित्त आपल्याबरोबर बाहेर घेऊन जातो. मग यकृताला नवे पित्त करावे लागते, त्यासाठी ते रक्तातले कोलेस्टेरॉल ओढून घेते. मुलीने हे मला दोनदा समजावून सांगितले, तेव्हा कुठे डोक्यात शिरले. अमेरिकेच्या सरकारी अन्न-औषध खात्याने १९९७ साली ओटच्या पाकिटांवर हृदयाच्या फायद्याचे छापायला परवानगी दिली, ती याच बीटा-ग्लुकनमुळे. दिवसाला ३ ग्रॅम पोटात गेले पाहिजे, हे प्रमाण त्यांनी धरले.

३ ग्रॅम म्हणजे किती ओट्स? चाळीस ग्रॅम कोरड्या ओट्सात, म्हणजे आपल्या आमटीच्या एका वाटीत, साधारण दीड ग्रॅम बीटा-ग्लुकन येते. म्हणजे एका वाटीने अर्धे काम होते. आणि पूर्ण ३ ग्रॅम रोज घेतले तरी वाईट कोलेस्टेरॉल उतरते ते शेकडा पाच-सात. कमी नव्हे, पण गोळी बंद करण्याइतकेही नव्हे. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या आळीतच एका घरी ओट्स सुरू झाले म्हणून गोळ्या आपल्या मनानेच थांबवल्या होत्या. तसे कृपा करून कुणी करू नये. आमच्या ह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर ७.४ होती, ती वर्षभरात ६.८ वर आली. त्यात ओट्स किती, चालणे किती आणि गोळ्या किती, ते वेगळे कोण काढणार? ते चालले, त्यांनी गोळ्या घेतल्या आणि सकाळची खारी सुटली. खारी सुटली हेही मोठेच काम झाले.

हे धान्य मुळात आपल्याकडचे नाही. थंड, ओल्या मुलखातले आहे. जिथे गहू नीट पिकत नाही अशा ठिकाणी ते पिकते. स्कॉटलंड हा त्याचा खरा देश म्हणावा. इंग्लंडात ते घोड्यांना घालीत आणि स्कॉटलंडात माणसे खात. डॉक्टर जॉन्सन म्हणून एक पंडित होऊन गेले, त्यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश केला, त्यातसुद्धा या गोष्टीवरून स्कॉटलंडच्या लोकांना चिमटा काढून ठेवला आहे. म्हणजे आमच्या सासूबाई एकट्या नाहीत! तिथे ओटच्या भरड्याची लापशी पाण्यात शिजवतात, त्यात मीठ घालतात आणि एका लाकडी दांडक्याने सारखी ढवळतात. त्या दांडक्याला स्पर्टल म्हणतात. आपल्या रवीला जसा मान, तसा त्यांच्याकडे त्याला आहे. कारब्रिज नावाच्या गावात १९९४ सालापासून दरवर्षी लापशी शिजवण्याची स्पर्धा भरते आणि जिंकणाऱ्याला सोनेरी स्पर्टल देतात. मुख्य स्पर्धेत घालायचे काय, तर ओट, पाणी आणि मीठ. बस्स. साखर नाही, दूध नाही, सुकामेवा नाही.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. जुन्या काळी तिथल्या गरिबांची मुले विद्यापीठात शिकायला जात ती घरून ओटच्या पिठाची गोणी घेऊन. सत्राच्या मध्यावर ती संपायची. म्हणून विद्यापीठे एका सोमवारी सुट्टी देत, घरी जाऊन गोणी भरून आणायला. त्या सुट्टीचे नावच 'पिठाचा सोमवार'. हे ऐकले तेव्हा मला माझे माहेर आठवले. माझे माहेर राजापूरकडचे. आमच्याकडचे चाकरमानी गणपती करून मुंबईला परत निघाले की एसटीच्या टपावर काय चढायचे? तांदूळ, कुळथाचे पीठ आणि नाचणीचे पीठ. मुंबईच्या खोलीत त्यावरच महिना निघायचा. गिरणीत जाण्याआधी पोटात आंबील पडली की माणूस दुपारच्या भोंग्यापर्यंत उभा राहायचा. तिकडचा ओट आणि इकडची नाचणी या सख्ख्या बहिणीच नव्हेत का? दोन्ही गरिबांची अन्ने, दोन्ही पाण्यात शिजवून मीठ घालून खायची, दोन्ही दुपारपर्यंत टिकणारी.

सासर माझे घाटावरचे, कराडजवळचे. इथे आंबील ज्वारीचीही करतात आणि कण्या तर घरोघरी असायच्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून जरा वेळ ठेवायची, जात्यावर भरड दळायची, पीठ चाळून घ्यायचे आणि वर राहिलेल्या कण्या भाताप्रमाणे शिजवून ताकाबरोबर खायच्या. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात मला त्या शिकवल्या. मग पाव आला, टोस्ट आला, खारी आली, पिवळ्या कागदातली बिस्किटे आली आणि कण्यांचे डबे माळ्यावर गेले. आता त्याच घरात डॉक्टर परदेशी कण्या लिहून देतात, हा गमतीचा भाग सोडून द्या.

म्हणून मग मी ह्यांच्या डॉक्टरांना विचारलेच, "ज्वारीच्या कण्या दिल्या तर चालतील का?" ते म्हणाले, "चालतील की, पण लोक करत नाहीत म्हणून मी लिहीत नाही."

तेव्हा आता खरा हिशेब करू या. ओट्समध्ये प्रथिने चांगली, शंभर ग्रॅमला तेरा ग्रॅमच्या आसपास; ज्वारीत दहा, नाचणीत सात. इथे ओट्स पुढे. तो चिकट चोथाही ज्वारी-नाचणीत ओटसारखा नाही, हे मान्य केले पाहिजे. उगाच आपले ते सगळे थोर म्हणण्यात अर्थ नाही. पण कॅल्शियम पाहा. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि ओट्समध्ये पन्नास-पंचावन्न. चाळिशी उलटलेल्या, गुडघे धरून उठणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि ज्यांना बीटा-ग्लुकनच पाहिजे त्यांच्यासाठी जव आहे. सातू या शब्दाचा मूळ अर्थच जव. आपण आता सातूचे पीठ म्हणून गहू आणि डाळे भाजून दळतो, त्यात जव बहुतेकींनी सोडूनच दिला. ते पुन्हा घातले तर अमेरिकेच्या त्याच खात्याने २००६ साली जवालाही तोच मान दिला आहे. पूजेला जव आणतोच ना आपण? चार दाण्यांऐवजी पाव किलो आणायचा. जवाच्या कण्या मुगाच्या डाळीबरोबर खिचडीसारख्या शिजवल्या तर फार छान लागतात.

किमतीचे म्हणाल तर आमच्या वाण्याकडे साधे ओट्स किलोला दीडशे ते दोनशे रुपयांना पडतात. चाळीस ग्रॅमची वाटी सहा ते आठ रुपयांना गेली. ज्वारीची वाटी त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात होते. पण ओट्सही काही महाग म्हणता येणार नाहीत, कारण सकाळी मुलांच्या हातावर वडापावचे पैसे ठेवतो, ते याच्या दुप्पट असतात.

महाग आहेत ती छोटी चवदार पाकिटे. मसाला, टोमॅटो, मध-बदाम, स्ट्रॉबेरी. ती घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगते. पाकिटाच्या पाठीवर जिन्नसांची यादी असते. कायद्याने ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, म्हणजे जो जिन्नस सर्वांत जास्त तो पहिला. पहिला ओट्स असेल. पण दुसरा किंवा तिसरा साखर असेल तर समजा की तुम्ही साखरेच्या आजारावर साखर विकत घेता आहात. मसाल्याच्या पाकिटात मीठही भरपूर असते, रक्तदाब असणाऱ्यांनी तेही वाचावे. अक्षरे फार बारीक असतात. मुलांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून मोठे करून वाचायचे. इंग्रजी येत नसेल तर नातवंडाला बसवायचे. त्याचेही वाचन होते. चांगल्या पाकिटावर एकच जिन्नस असतो आणि त्याच्या पुढे दुसरे काही नसते.

करायचे कसे, ते ऐका. एक वाटी जाड ओट्स, अडीच वाट्या पाणी. पाणी उकळले की मीठ घालून ओट्स टाकायचे, आच मंद करायची आणि मधूनमधून ढवळत पाच-सात मिनिटे ठेवायचे. उतरवून झाकण घालून पाच मिनिटे तसेच राहू द्यायचे, मग ते दाट होतात. कोमट झाल्यावरच ताक घालायचे, गरम असताना घातले तर ताक फाटते. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेले आले, कोथिंबीर. हवी तर लसणीची चटणी. आमच्या ह्यांनी पहिले चार दिवस तोंड वाकडे केले, पाचव्या दिवशी ताकातले दिले तेव्हा म्हणाले, "हे तर कण्यांसारखे लागते." त्यानंतर कुरकूर नाही.

दुसरा प्रकार उपम्याचा. कांदा, गाजर, मटार, फरसबी जे असेल ते थोड्या तेलात परतायचे, मूठभर भाजलेली मुगाची डाळ आधी शिजवून त्यात घालायची, मग ओट्स आणि पाणी. डाळीने प्रथिने वाढतात आणि गिचका होत नाही. वर लिंबू पिळायचेच. दूध-गुळाचे ओट्स लहान मुलांना आवडतात, त्यांना खुशाल द्या, अर्धे केळे कुस्करून घातले तर गूळही लागत नाही. ओट्सचा चिवडा, ओट्सची बर्फी, ओट्सचे लाडू हे जे मोबाइलवर दाखवतात त्यात तूप-साखर किती ते आधी पाहावे. चिवडा खायचा असेल तर सरळ पोह्यांचा खावा, तो अधिक चांगला लागतो. आणि हो, मला तीनजणींनी विचारले म्हणून सांगते: ओट हे धान्य आहे, ते उपासाला चालत नाही.

आंबिलीचे तर आपल्याला सांगायला नको, पण नव्या सुना बसल्या आहेत म्हणून सांगते. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ रात्री अर्धी वाटी ताकात कालवून झाकून ठेवायचे. सकाळी दोन वाट्या पाणी उकळून त्यात ते ओतत ढवळायचे, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालायचा, दहा मिनिटे शिजवायचे. रात्रभर आंबवण्याचा उपयोग केवळ चवीला नाही. धान्याच्या सालीत असा एक पदार्थ असतो की तो लोह आणि कॅल्शियम अंगी लागू देत नाही, तो आंबवल्याने कमी होतो. मोड आणल्यानेही होतो. आमच्या आजीला हे नाव-गाव काही माहीत नव्हते, पण ती न आंबवता आंबील करत नसे. नाचणीचे सत्त्व मात्र वेगळे. ते फडक्यातून गाळलेले असल्याने चोथा निघून जातो. तान्ह्या मुलाला उत्तम, पण साखरेच्या माणसाला अख्ख्या पिठाचीच द्यावी.

काही सावधगिरी सांगून टाकते. ज्यांना चोथ्याची सवय नाही त्यांनी अर्ध्या वाटीपासून सुरुवात करावी, नाहीतर पोट फुगते. पाणी भरपूर प्यावे. ज्यांना गहू सोसत नाही असा आजार आहे, त्यांनी साधे ओट्सही डॉक्टरांना विचारून घ्यावेत, कारण दळताना-पॅक करताना त्यात गहू मिसळलेला असू शकतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी न्याहारी बदलण्याआधी डॉक्टरांना सांगावे.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे म्हणजे उभी राहिले, ती बोलते. आपल्या मंडळातल्या मैत्रिणींशी मी गेले महिनाभर बोलते आहे. प्रत्येकीला एकच विचारले, "तुम्ही सकाळी काय खाता?" ह्यांना ओट्स, मुलाला डबा, सासऱ्यांना मऊ भात, सुनेला टोस्ट, सगळे पाठ. "आणि तुम्ही?" म्हटले की उत्तर चहा. दोन चहा. तीन चहा. उरले असेल तर काल रात्रीचे. एक वहिनी म्हणाल्या, "मला भूकच लागत नाही सकाळी." साडेसहाला चहा, साडेआठला चहा, मग भूक कुठून लागणार? चहाने भूक मरते, आणि अकरा वाजता हात थरथरतात तेव्हा आपण म्हणतो पित्त झाले. आणखी एक काकू म्हणाल्या, "एकटीसाठी कुठे ढवळत बसू?" मला सांगा, ज्या घरात चौघांसाठी ढवळले, तिथे पाचवी वाटी ढवळायला वेगळे इंधन लागते का?

२०१९ ते २१ या काळात सरकारने देशभर घरोघरी जी आरोग्य पाहणी केली, तीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये शंभरात सत्तावन्न जणींचे रक्त कमी निघाले. आपल्या महाराष्ट्रात शंभरात चौपन्न. म्हणजे या सतरंजीवर आपण बसलो आहोत, त्यात एकीआड एक. ओट्सने किंवा आंबिलीने रक्त एकदम वाढेल असे मी म्हणत नाही, त्याला पालेभाज्या, डाळी, गरज पडली तर लोहाच्या गोळ्याच लागतात. पण खाल्ले तर ना त्यातले काही अंगी लागणार! आणि जे खातो त्यातले लोहही चहा लगेच वर घेतला की वाया जाते. म्हणून न्याहारी आणि चहा यांच्यात निदान तासाभराचे अंतर ठेवायचे आणि न्याहारीवर लिंबू पिळायचे. लिंबाने लोह अंगी लागते. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही.

माझ्या आईला मी कधी सकाळी बसून खाताना पाहिलेले नाही. तिची आंबील चुलीपाशी उभ्या उभ्या, पातेल्यात उरलेली, डावानेच. ती पन्नाशीतच थकली. हाडे ठिसूळ झाली, एकदा पडवीच्या पायरीवरून नुसती घसरली आणि मांडीचे हाड मोडले. ज्या घरात नाचणीची शेती होती, त्या घरात. सगळ्यांना वाढली, तिच्या वाटणीला मात्र खरवड. तिला कुणी खाऊ नको म्हटले नव्हते. कुणी खा असेही म्हटले नाही.

आमच्याकडे आता असे ठरले आहे की सकाळी पाच वाट्या एकदम भरायच्या आणि पाचही एकदम ओट्यावरून खाली आणायच्या. हे ठरवले सासूबाईंनी. मी ह्यांच्यासाठी ओट्स करून बाजूला ठेवत होते, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्याला आजार झाला म्हणून त्याला मिळते. तुला मिळायला तू आजारी पडायची वाट पाहतेस का?" वैरण म्हणणाऱ्या सासूबाईंचेच हे बोलणे. त्या स्वतः ओट्स खात नाहीत, त्यांना ज्वारीच्या कण्याच लागतात. सोमवार-गुरुवारी मी सगळ्यांनाच कण्या करते, मंगळवारी आणि शनिवारी आंबील, बाकी दिवस ओट्स किंवा उपमा-पोहे. रविवारी थालीपीठ. रोज तेच ते खाण्याचा कंटाळा येतो आणि कंटाळा आला की पुन्हा खारीचा पुडा घरात येतो.

घरातल्या माणसांचा वेळ जमत नाही, ही अडचण खरी आहे. आमचे एक जण सहाच्या गाडीने जातात, एक जण साडेनऊला उठते. तरी निदान आपली वाटी आठच्या आत व्हावी, बसून व्हावी, आणि ती उरल्यासुरल्याची नसावी. ज्या मैत्रिणी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जातात त्यांच्यासाठी सातूचे पीठ उत्तम. डब्यात कोरडे नेता येते, ताक किंवा पाण्यात कालवले की दोन मिनिटांत काम होते. जव घालून कसे दळायचे ते प्रमाण मी चिटणीसबाईंकडे लिहून दिले आहे: तीन भाग गहू, एक भाग जव, एक भाग डाळे. गहू आणि जव वेगवेगळे भाजायचे, थोडे जिरे घालायचे. गिरणीवाल्याला सांगावे लागते की आधी कोरडे धान्य चालवून घे, नाहीतर मसाल्याचा वास लागतो.

आता नुसते ऐकून चव कळत नाही. म्हणून येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत तीन पातेली चढवणार आहोत: एक ताकातल्या ओट्सचे, एक आंबिलीचे, एक ज्वारीच्या कण्यांचे. कण्या सासूबाई स्वतः येऊन करणार आहेत, जाते आमच्याकडून येईल. ते उचलायला दोघी धडधाकट पाहिजेत, त्यांनी नावे आजच द्यावीत. प्रत्येकीने आपली वाटी आणि चमचा आणावा. साखरेचा डबा कुणी आणू नये. चहा चार वाजता होईल, त्याच्या आधी नाही.